नांगरातली साखर

सकाळी आठच्या सुमारास सुचितानं सासऱ्यांच्या, पुंजाजींच्या, हातात चहाचा कप दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हटलं, "सुचिता, ह्या नांगरात साखर कमी हाय वं."

तिनं साखरेचा डबा आणला, अर्धा चमचा कपात टाकला, ढवळला. पुंजाजींनी दुसरा घोट घेतला आणि मान हलवली. ती डबा घेऊन स्वयंपाकघरात परत गेली, झाकण लावलं, डबा फळीवर ठेवला, आणि हात तिथंच राहिला. शब्द कानात मघाच गेला होता, आत पोचायला त्याला एवढा वेळ लागला. नांगर. ती तशीच उभी राहून आठवू लागली. खरंच तसं म्हणाले का? कपात म्हणाले असतील, चहात म्हणाले असतील. आवाज कसा होता, तो तिला नीट आठवत होता. शब्द मात्र आठवायला गेलं की पाण्यातल्या वस्तूसारखा हलत होता. बाहेर ओट्यावर पुंजाजी चहा पीत होते, अंगावर घोंगडी होती, समोर चिखली रोडच्या बाजूनं धुकं उतरलं होतं आणि त्यातून एका दूधवाल्याच्या गाडीचा दिवा आधी आला, मग गाडी आली. सगळं जागच्या जागी होतं. एवढ्या साध्या सकाळी एक नांगर कुठून येईल?

आणि तिच्या कानांचा तरी काय भरवसा होता. आठ दिवस झाले, तिला सलग तीन तासांहून जास्त झोप मिळाली नव्हती. पुण्याच्या ज्या कंपनीचं काम ती बुलढाण्याच्या या घरातून करत होती, त्या कंपनीकडं चौदा माती-परीक्षण केंद्रांचे अहवाल असत. कुणाच्या शेतात नत्र किती, स्फुरद किती, चुना किती, हे सगळं एका जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर हलवायचं होतं, आणि ते केंद्रांचं काम बंद असताना, म्हणजे लोक झोपलेले असतानाच करावं लागे. आज शेवटचा टप्पा होता. केंद्रं आज दुपारपर्यंत बंद ठेवली होती. बारापर्यंत सगळं सुरू व्हायला हवं, असं अर्पितानं तीनदा बजावलं होतं. अर्पिता म्हणजे तिची पुण्यातली वरिष्ठ, वयानं तिच्याहून लहान, बोलायला गोड आणि वेळेला कडक. या आठ दिवसांत सुचिताला पंख्याच्या घरघरीत कुकरची शिटी ऐकू आली होती. कुणी हाक मारली म्हणून ती दोनदा दारापर्यंत जाऊन आली होती. दारात कुणी नव्हतं. तेव्हा नांगरही तसाच असेल, तिच्याच डोक्यातून आलेला. तिनं नवऱ्याला फोन लावला. प्रेम नागपूरकडं रस्त्याच्या मोजणीवर गेला होता, तीन आठवड्यांनी येणार होता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला की बाबांचं काही नाही, तूच आधी झोप. तो चिडून बोलला नव्हता. काळजीनंच बोलला होता. म्हणून तर तिला ते पटलं.

तरी ती एकदा ओट्यावर जाऊन आली. हे काय, ते काय, असं बोट दाखवून विचारायची तिला लाज वाटली. ज्या माणसानं पन्नास वर्षं शेती केली, त्याला बालवाडीतल्यासारखं कसं विचारायचं? तिनं आडून विचारलं, आज भाजी कोणती करू. पुंजाजी म्हणाले, रोहिणखेडहून तुरीच्या शेंगा आल्या आहेत, सोले-वांगे कर, मी शेंगा सोलून देतो. उत्तर सरळ होतं, शब्द सगळे बरोबर होते. तिनं शेंगांची पिशवी आणि परात त्यांच्यापुढं ठेवली. मनातलं ओझं उतरल्यासारखं झालं, पण पुरतं नाही. आजचं हे काम होऊ दे, मग एकदा दवाखान्यात दाखवून आणू, असं तिनं मनाशी म्हटलं. दात काढल्यावर जीभ जशी पुन्हा पुन्हा तिथंच जाते, तसं तिचं मन त्या एका शब्दाकडं जात राहिलं.

ती आतल्या खोलीत कामाला बसली. टेबलाखाली तिचं स्वतःचं एक जुनं यंत्र घुमत होतं, पायांना त्याची ऊब लागत होती. काही नवं करायचं झालं की ती आधी या यंत्रावर करून पाहायची, उघडायची, बिघडवायची, पुन्हा जोडायची. कंपनीची खरी यंत्रं पुण्याच्या कुठल्या तरी थंड खोलीत होती. ती तिनं कधी पाहिली नव्हती, तरी त्यांच्या अंगाखांद्यावर हात फिरवल्यासारखी तिला ती ओळखू यायची. पूर्वी त्यांना नुसते आकडे होते. तीन वर्षांपूर्वी पुंजाजी तिच्यामागं उभे राहून बराच वेळ पडद्याकडं पाहत होते. मग त्यांनी विचारलं की ह्यातलं कोणतं कोणतं, हे तुला कसं कळतं. आकड्यांवरून, ती म्हणाली. त्यांना ते विचित्र वाटलं. वावराला कुणी आकड्यानं हाक मारतं का, म्हणाले. मग त्यांनीच नावं दिली. रोहिणखेडला मशिदीच्या मागच्या अंगाला त्यांची तीन वावरं होती: बरड, बोरी आणि खारी. सासूबाई, पुष्पाबाई, गेल्यावर ती वावरं बटाईनं, पिकाच्या वाट्यावर, देऊन पुंजाजी इथं राहायला आले होते. जुन्या सर्व्हरचं नाव बरड पडलं, नव्याचं बोरी, आणि टेबलाखालच्या तिच्या यंत्राचं खारी. अर्पिताला ही नावं फार आवडली. पुण्यातली मुलं आता फोनवर सहज म्हणत, बोरी जरा मंद चाललीय, आणि सुचिताला दरवेळी त्या वावरातला बोराच्या झाडाखालचा उतार दिसायचा. लग्न होऊन ती हिवरा आश्रम गावाकडून या घरात आली, तेव्हा संगणकाचा तिचा कोर्स अर्धवट सुटला होता. तो पुरा करायला लावला पुंजाजींनी. पहिला संगणक खामगावहून आणला तेव्हा एसटीत जागा नव्हती. ते दोन तास त्याचा पडदा मांडीवर घेऊन बसले होते, एका हातानं वर धोतराचा सोगा धरून, ऊन लागू नये म्हणून. यंत्राला ऊन लागून काही होत नाही, हे तिनं त्यांना कधीच सांगितलं नाही.

पडद्यावर अक्षरं वर सरकत होती. ती वाचत होती, पण वाचल्यासारखं वाटत नव्हतं. बसच्या खिडकीतून झाडं मागं जावीत तशी ती जात होती. खिडकीबाहेर धुकं अजून होतंच आणि त्यात कॉलनीतली घरं विरघळल्यासारखी दिसत होती. कुठं नुसती गच्ची, कुठं नुसती पाण्याची टाकी. ओट्यावरून शेंगा फुटल्याचा टिचटिच आवाज येत होता. तिला वाटलं, तो आवाज येतो आहे तोवर सगळं ठीक आहे. मधेच तिचे डोळे मिटले असावेत. ती एका वावरात उभी होती, माती भिजलेली होती, कुणीतरी तिला विचारत होतं की ह्या मातीत काय कमी आहे, आणि तिला उत्तर ठाऊक होतं, फक्त ते कोणत्या शब्दानं सांगायचं ते आठवत नव्हतं. मान झुकली तशी ती दचकून जागी झाली. साडेदहा वाजून गेले होते. आता एवढंच करायचं होतं: बोरीवर मागच्या आठवड्यात करून पाहिलेली कच्ची नक्कल होती, ती पुसायची, आणि बरडवरचं सगळं ताजं तिथं आणून ठेवायचं. तिनं आज्ञा लिहिली. यंत्रानं नेहमीप्रमाणं विचारलं, खात्री आहे का. तिनं हो म्हटलं. पुसायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मग ती बरडवर ताजे अहवाल काढायला गेली आणि तिथं काहीच नव्हतं.

तिनं पुन्हा पाहिलं. बोरीवर कच्ची नक्कल जशीच्या तशी होती. बोरी लिहायच्या जागी तिनं बरड लिहिलं होतं. दोन्ही नावं एकाच अक्षरावरून सुरू होणारी, दोन्ही रोज शंभरदा लिहिली जाणारी. हात गार पडले. टेबलाखालच्या खारीवर तिनं आपल्यासाठी एक नक्कल ठेवली होती, पण ती आठ दिवसांपूर्वीची. म्हणजे आठ दिवसांचे अहवाल गेले होते. आणि गंमत अशी की त्या गार पडलेल्या हातांवरून, त्या धडधडीवरून, एक सुटकेची लाट आली. एका नावाच्या जागी दुसरं नाव तिच्याही हातून पडलं होतं. थकवा होता, दुसरं काय. मग त्यांचंही तसंच. वय झालं, थंडी आहे, माणूस पहाटे पाचला उठतो, कपाच्या जागी नांगर येतो तोंडात. तिला जवळजवळ हसू आलं. तिनं खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं आणि त्या सुटकेत क्षणभर पडून राहिली, उबदार पाण्यात पडावं तशी. पण ते पाणी लगेच निवलं. चूक झाल्याचं तिला दिसलं होतं. दिसल्याबरोबर तिचे हात गार पडले होते. पुंजाजींनी नांगर म्हटलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ते कपाकडं बघतच म्हणाले होते. त्यांना चूक दिसलीच नव्हती.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की शेंगांचा आवाज थांबला आहे.

ती ओट्यावर आली. पुंजाजी बसलेलेच होते. शेंग डाव्या हातात होती, उजवा हात परातीच्या काठावर होता, आणि त्या हाताच्या बोटांतून हिरवे दाणे एकेक करून फरशीवर पडत होते. पुंजाजी दाण्यांकडं बघत नव्हते. समोरच्या धुक्याकडं बघत होते, आणि बघण्यात काही दुःख नव्हतं, काही शोधणंही नव्हतं. सुचिता त्यांच्यापुढं बसली.

"मामाजी, हात वर करा बरं. दोन्ही."

"काऊन?"

"करा ना. मी म्हनते म्हनून."

डावा हात वर गेला. उजवा खांद्यापर्यंत आला आणि हळूच खाली उतरू लागला, जसं कुणी तो हात खालून अलगद ओढून घेत आहे. पुंजाजींनी त्याच्याकडं पाहिलं. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडं पाहावं तसं पाहिलं.

पुढचं तिला नंतर नीट आठवलं नाही, तुकडे तेवढे आठवले. शेजारच्या बेबीताईंनी ऑटो थांबवला, घोंगडीसकट पुंजाजींना आत बसवलं आणि घर मी बघते म्हणाल्या. ऑटोत ते काहीतरी सांगायला बघत होते, पण येणारे शब्द एकमेकांना धरून नव्हते; पायरी, गहू, थोरला, असं काहीतरी, आणि मग नुसता श्वास. ती हो म्हणत राहिली. मधेच फोन वाजला. अर्पिता होती. काम कुठवर आलं, विचारत होती. पुण्याच्या फोनवर सुचिता नेहमी जिभेला जरा सावरून बोलायची, मला-तुला, करतेय-बघतेय. आज सावरायला जागाच नव्हती. तिनं सांगितलं, "म्या चुकीचं मशीन पुसलं. बरड पुसलं. आठ दिवसांचं गेलं. मले आता दवाखान्यात जायचं हाय, मामाजीले कायतरी होऊन राह्यलं." मग अर्पितानं एवढंच विचारलं की तुझ्या घरच्या मशीनवर नक्कल आहे का आणि ती मला बाहेरून उघडता येईल का. सुचितानं होय म्हटलं. मग जा, म्हणाली अर्पिता, आणि फोन ठेव.

हॉस्पिटलात त्यांना लगेच आत नेलं, डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर मयुरी नावाच्या तरुण बाई होत्या, कोल्हापूरकडच्या. त्यांनी सगळ्यात आधी विचारलं की हे कधी सुरू झालं. सुचिताच्या यंत्रांवर प्रत्येक गोष्टीची वेळ सेकंदासकट लिहिलेली असते. बरड किती वाजून किती मिनिटांनी पुसला गेला, हे तिला आत्ता डोळे मिटून सांगता आलं असतं. हे मात्र तिला सांगता येईना. हात गळाला त्याला अर्धा तास झाला असेल, असं ती म्हणाली. तेवढ्यावर थांबावं असं तिला फार वाटलं. मग तिनं सकाळचं सांगितलं. आठ वाजता, चहाच्या वेळी, नांगर. तीन तास ती घरात होती, आतल्या खोलीत बसलेली, आणि तिनं ऐकलं होतं. डॉक्टरांनी बोल लावला नाही, धीरही दिला नाही. त्यांनी कागदावर आठ लिहिलं, सकाळपासून धरलं तरी औषध द्यायला अजून वेळ हातात आहे म्हणाल्या, आणि आत गेल्या.

तासाभरानं तिला आत बोलावलं. पुंजाजींच्या हाताला सुई लावलेली होती. चेहरा थकलेला, पण डोळे पुन्हा त्यांचे स्वतःचे होते. उजव्या हाताची बोटं ते चादरीवर उघडत-मिटत होते, हळूहळू, नवीन शिकल्यासारखी. मेंदूला रक्त पुरवणारी मानेतली एक नळी आकसली आहे, डॉक्टरांनी सांगितलं; मोठा झटका अजून आलेला नाही, पण दारात उभा होता. इथं दोन दिवस औषधं, मग संभाजीनगरला जाऊन ती नळी मोकळी करून घ्यावी लागेल. डॉक्टर दुसऱ्या खाटेकडं गेल्या तसे पुंजाजी म्हणाले, "आजचं पह्यलं नाही. तीनदा झालं."

सुचिता त्यांच्याकडं बघत राहिली. "कवा?"

"हे दहा-बारा दिवस. थोडक्यात निघून जाये. तोंडात शब्द येच ना, मंग येत जाये."

"सांगतलं काऊन नाही मले?"

"तुह्या खोलीतला उजेड दिसे मले दाराखालून. तीन वाजता बी, चार वाजता बी. म्हटलं, हे पोरगी आजारी पडते आता. हिचं काम होऊ दे, मंग सांगू."

तीही सकाळी मनाशी हेच म्हणाली होती की आजचं हे काम होऊ दे, मग दवाखान्यात दाखवून आणू. म्हणजे एका दाराच्या दोन्ही बाजूंनी दोघं त्याच एका कामाच्या संपण्याची वाट पाहत होते, आणि ते काम तिनं स्वतःच्या हातांनी पुसून टाकलं होतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. फार थकलं की रडायलाही ताकद लागते.

डॉक्टर परत आल्या, खाटेशेजारी बसल्या आणि खिशातून एकेक वस्तू काढून विचारू लागल्या. हे काय? पेन. हे? चष्मा. मग त्यांनी मनगट पुढं केलं. "घड्याय," पुंजाजी म्हणाले. डॉक्टरांचं पेन थांबलं, त्यांनी पुन्हा विचारलं, आणि पुंजाजींनी पुन्हा जरा मोठ्यानं, बहिऱ्याला सांगावं तसं, घड्याय म्हटलं. घड्याळाला आमच्याकडं असंच म्हणतात, सुचितानं सांगितलं. डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. मग त्यांनी सुचिताकडं बोट केलं.

"आणि ह्या कोण, बाबा?"

पुंजाजींनी तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे माही पोरगी."

डॉक्टर लिहू लागल्या. खोलीत कुणाच्या तरी यंत्राची टिकटिक चालू होती. आपण गप्प बसलो तर काय होईल, असं सुचिताच्या मनात आलं. हा शब्द तसाच ठेवून घ्यावा, कुणाला दाखवू नये. पण सकाळी एक शब्द तिनं असाच ठेवून घेतला होता. "मी सून आहे त्यांची, डॉक्टर," ती म्हणाली. "मुलगी नाही."

डॉक्टरांचं पेन पुन्हा थांबलं. पुंजाजींच्या कपाळाला आठी पडली.

"सूनच हाय. मले का ठाऊक नाही?" ते म्हणाले. "तुमी इचारलं हे कोन हाय. लगन कोनासंगं झालं, ते कुठं इचारलं?"

डॉक्टरांनी दोघांकडं पाहिलं, कागदावर काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं, आणि मान खाली घालून पुढच्या खाटेकडं गेल्या.

दुपार झाली. खिडकीबाहेरचं धुकं कधीच निघून गेलं होतं आणि लख्ख हिवाळी ऊन खाटेच्या पायथ्याशी पडलं होतं. प्रेम नागपूरहून निघाला होता. अर्पिताचा निरोप आला होता: खारीवरून जुनं सगळं उचललं, केंद्रं चारला सुरू होतील, आठ दिवसांचे अहवाल केंद्रांकडून पुन्हा मागवावे लागतील, चार-पाच दिवस जातील, लोक ओरडतील, ते आपण बघू. शेवटी लिहिलं होतं की झोप. सुचितानं ते वाचलं, उत्तर लिहायला अंगठा उचलला आणि तो तसाच राहिला. लोखंडी स्टुलावर बसल्या बसल्या तिचं डोकं पुढं आलं आणि पुंजाजींच्या उशाशी, चादरीच्या दुमडीवर टेकलं. चादरीला जंतुनाशकाचा आणि घोंगडीचा असा मिसळलेला वास होता. आवाज लांब गेले. कुठंतरी चाकांची गाडी गेली, कुठंतरी कुणी खोकलं, मग पावलं जवळ आली आणि एक बाईमाणूस म्हणालं की सही पाहिजे होती, पेशंटबरोबर कोण आहे, यांना उठवा.

तिला उठायचं होतं. हात हलेना.

"झोपू द्या तिले," पुंजाजींचा आवाज अगदी तिच्या कानाशी आला. "मी हाय ना जागा."